घाटातली जुनी एसयूव्ही: तीन ठिकाणचं तेल, दोन आवाज आणि एक बुजलेला ब्रीदर

गाडी २००९ ची. डिझेल, लॅडर चॅसीवरची, मागच्या चाकांवर चालणारी, मागे पाटे आणि एकसंध अ‍ॅक्सल. म्हणजे बोलेरो, सुमो, टवेरा यांच्या पंगतीतली. रनिंग दोन लाख दहा हजार. चिपळूण-कराड ही नेहमीची ये-जा, त्यामुळे कुंभार्ली घाट कायमचा, आणि पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढणंही ठरलेलं. अशा गाड्यांत वारंवार सापडणारे दोष इथे एकाच गाडीवर आणून मांडले आहेत, म्हणजे एका दोषातून दुसरा कसा उभा राहतो ते सलग दिसेल.

मालकाची तक्रार अशी: "मेस्त्री, रात्री उभी केली की सकाळी खाली तेल. साठच्या पुढं गेलं की मागून घुमतं. आणि पहिला टाकून क्लच सोडला की टक्कन वाजतं." खोदून विचारल्यावर आणखी एक गोष्ट बाहेर आली: जोरात ब्रेक दाबला की मागचा भाग एका अंगाला ओढतो. ब्रेकची तक्रार मालक सहसा शेवटी सांगतात, कारण त्याची हळूहळू सवय होते. गळतीची चौकशी करताना ती आपणहून विचारावी.

आधीची कामंही महत्त्वाची होती. आठ महिन्यांपूर्वी मागच्या अ‍ॅक्सलचं पिनियन सील (गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो तिथलं तेल अडवणारं सील) बदललं होतं आणि नट एअर गनने ओढला होता. दोन महिन्यांत तिथे पुन्हा ओल दिसली. घुमण्याचा आवाज त्यानंतरचा. एका ठिकाणी सांगितलं होतं की क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. शिवाय क्राउन-पिनियनचा (मागची चाकं फिरवणाऱ्या दोन दातेरी चाकांचा) जोड बदला. सील काही शे रुपयांचं असतं, पण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी आणि क्राउन-पिनियनचा जोड हा खर्च हजारांत जातो. तो करण्याआधी दोन्ही निदानं तपासून घेणं भाग होतं.

आधी धुणं, मग बघणं

दोन लाख चाललेल्या गाडीच्या पोटाखाली तेल आणि धूळ यांचा बोटभर थर असतो. त्यावर बघून कुठलंही सील दोषी ठरवता येत नाही. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो आणि ते खाली ओघळतं. म्हणून गळती शोधताना सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची ओली जागा शोधायची. थेंब जिथे पडतो ती जागा फक्त शेवटचं टोक असते.

अल्टरनेटर, इलेक्ट्रिक कनेक्टर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने बांधून, डीग्रीझर मारून, इंजिनच्या मागच्या बाजूपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत सगळं धुतलं. चार चाकांच्या आतल्या बाजूही. वाळल्यावर पंचवीस किलोमीटर चालवून, गाडी सपाट जागी रात्रभर उभी केली. खाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा, त्यावर चाकांच्या खुणा.

सकाळी पुठ्ठ्यावर तीन डाग होते. पहिला बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घराच्या) खाली: काळा, पातळ. दुसरा मागच्या अ‍ॅक्सलच्या नाकाखाली, म्हणजे पिनियनच्या टोकाखाली: तपकिरी, घट्ट. तिसरा डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या कडेला, जेमतेम रुपयाएवढा.

इथे बोटाने आणि नाकाने बघायचं काम असतं. डिझेल इंजिनचं तेल काळं आणि चिमटीत पातळ लागतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. पॉवर स्टिअरिंगमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) भरलेलं असेल तर लालसर दिसतं. कुलंट हिरवं किंवा गुलाबी, बोटाला किंचित चिकट. ब्रेक फ्लुइड फिकट पिवळं, पाण्याने धुतलं जातं आणि रंग उचकटतं. मागच्या चाकापाशी ओल असेल तर हाच प्रश्न निर्णायक ठरतो: गिअर ऑइल असेल तर अ‍ॅक्सलचं सील, ब्रेक फ्लुइड असेल तर व्हील सिलिंडर. इथे वास गंधकाचा होता आणि ब्रेक फ्लुइडची पातळी जागेवर होती. म्हणजे अ‍ॅक्सलचं सील.

बेल हाऊसिंगचा डाग

बेल हाऊसिंगखाली इंजिनचं तेल दिसलं की क्रँकच्या मागच्या सीलवर बोट ठेवायची घाई होते. पण त्याच जागी तेल येण्याचे आणखी रस्ते आहेत: टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, कॅमशाफ्टच्या मागच्या बुचातून, ऑइल प्रेशर स्विचमधून, चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पॅकिंगच्या मागच्या कडेतून. गिअरबॉक्सचं इनपुट सील गळत असेल तरी डाग तिथेच पडतो, फक्त वास गिअर ऑइलचा येतो.

धुतल्यानंतर इंजिनच्या मागच्या भिंतीवर टाल्कम पावडर फुंकून पुन्हा पंधरा किलोमीटर चालवली. पावडरीवर ओघळ स्पष्ट उमटला. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून, हेडवरून ब्लॉकच्या मागे, तिथून बेल हाऊसिंगच्या जोडावर. बेल हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून आत छोटा आरसा घालून पाहिलं तर फ्लायव्हीलची इंजिनकडची बाजू कोरडी. क्रँकचं सील मोठं गळत असतं तर तेल फ्लायव्हीलने फेकून आत सगळीकडे उडालेलं दिसलं असतं, क्लचही घसरायला लागला असता. ज्यांच्याकडे अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आहे त्यांनी इंजिन ऑइलमध्ये सुमारे ३० मिली डाय घालून हेच काम आणखी खात्रीने करावं. पावडर मात्र कुठेही मिळते आणि फसवत नाही.

कव्हर का गळलं, हा पुढचा प्रश्न. पॅकिंग कडक होऊन काचेसारखं झालं होतं, ते वयाने होतंच. पण इंजिनच्या ब्रीदरचा पाइपही काजळीने अर्धा बुजला होता. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट नसली की तो सगळ्यांत दुबळ्या जोडातून तेल ढकलतो. पाइप साफ केल्यावर आयडलवर ऑइल फिलरचं झाकण उलटं ठेवून बघितलं. हलकं थरथरलं, उडालं नाही. उडून पडलं असतं तर रिंगांचा विचार करावा लागला असता.

काम: नवं पॅकिंग, दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग साफ, फक्त कोपऱ्यांच्या जोडावर मुगाच्या दाण्याएवढं सिलिकॉन. कव्हरचे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटर एवढेच, मधून सुरू करून कडेकडे. कव्हरभर सिलिकॉन फासण्याची सवय फार वाईट आहे. आत पिळून निघालेली त्याची दोरी तुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते. गिअरबॉक्स उतरवावा लागलाच नाही.

घुमणं कुठलं?

आता मूळ विषय. आवाजाचं निदान गाडी उचलण्याआधी रस्त्यावर करायचं असतं, कारण भाराखाली होणारा आवाज जॅकवर पुष्कळदा गायब होतो.

पहिला संशय टायरवर, कारण सर्वांत स्वस्त खुलासा तोच. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो: गुळगुळीत डांबरावर दबतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसारख्या काँक्रीटवर वाढतो. इथे रस्ता बदलला तरी घुमणं तेवढंच राहिलं. पुढचे टायर मागे घातले तरी तसंच.

दुसरी चाचणी, सपाट मोकळ्या रस्त्यावर ७० च्या वेगाने न्यूट्रल. आवाज तसाच राहिला, इंजिनच्या आरपीएमबरोबर खाली आला नाही. म्हणजे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची इनपुट बाजू सुटली. ही चाचणी घाटाच्या उतारावर कधीही करू नये. इंजिनचा ब्रेक जातो आणि इथे तर मागचे ब्रेक आधीच संशयित होते.

तिसरी: रुंद रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगात गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवणं. भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेला की चाकाच्या बेअरिंगचा आवाज वाढतो किंवा दबतो. इथे फरक नव्हता.

चौथी, आणि या प्रकरणात सर्वांत बोलकी: ॲक्सिलरेटर दाबून, अर्धवट धरून, आणि सोडून. दाबल्यावर घुमणं भरीव, धरल्यावर थोडं कमी, सोडल्यावर त्याच्याच वर एक बारीक सूर. फक्त ओढताना किंवा फक्त सोडल्यावर ठराविक वेगाला येणारा स्वच्छ सूर दात्यांच्या झिजण्याकडे बोट दाखवतो. सतत चालणारी खरखर बेअरिंगकडे. इथे दोन्हींचं मिश्रण होतं, पण खरखर वरचढ.

वेगाचा हिशोबही करून ठेवावा. २१५/७५ आर १५ टायरचा घेर सुमारे २.२१ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ४५० फेरे घेतं. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४.१ धरलं तर प्रोपेलर आणि पिनियन मिनिटाला साधारण १,८५० फेरे. चाकाशी निगडित आवाज 'वूं-वूं' असा मोजता येईल इतका सावकाश असतो. पिनियनचा सलग घुमतो. गुणोत्तर माहीत नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये, एक मागचं चाक जमिनीवर आणि दुसरं उचललेलं ठेवून, उचललेलं चाक दोन फेरे फिरवायचं आणि प्रोपेलरचे फेरे मोजायचे. तेवढंच गुणोत्तर. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर ही रीत चालत नाही.

घाट चढून आल्यावर लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. डिफरन्शियलचं (क्राउन-पिनियन असलेल्या मधल्या घराचं) पोट ७४ अंश, पिनियनचं नाक ९६. दोन्ही चाकांच्या ड्रमपाशी फारसा फरक नाही. एकाच घराच्या दोन टोकांत वीस अंशांहून जास्त फरक असणं म्हणजे पुढचं पिनियन बेअरिंग आवळलेलं आहे किंवा कोरडं चाललंय.

फुस्स

अ‍ॅक्सल अजून गरम असताना, चेहरा बाजूला ठेवून, भरायच्या बोल्टला सावकाश पाना लावला. दोन आटे सैल होताच आतून हवा फुस्स करून बाहेर आली आणि बोल्टच्या कडेने तेलाचे बुडबुडे आले. त्या एका आवाजात अ‍ॅक्सलच्या दोन्ही गळत्यांचा खुलासा होता.

अ‍ॅक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला टोपीचा छोटा ब्रीदर असतो. आत तेल आणि हवा तापली की जास्तीची हवा तिथून निघून जाते. कोकणातला जांभ्याचा चिखल त्या टोपीत शिरून वाळला की ती बंद होते. बंद घरातली हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली की दाब सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ०.२ बार. ऑइल सीलची कड तेल अडवायला असते, दाब धरून ठेवायला नाही. मग पिनियनकडून आणि चाकाकडून तेल बाहेर. आणि तापलेला अ‍ॅक्सल फरशीवरच्या थंड पाण्यात बुडला की उलट ओढ लागते, त्याच सीलांतून पाणी आत येतं. तेल दुधाळ दिसलं तर हाच मार्ग.

आठ महिन्यांपूर्वी सील बदललं तेव्हा ब्रीदर तसाच राहिला, म्हणून नवं सीलही दोन महिन्यांत ओलं झालं. कुठलंही सील दुसऱ्यांदा गेलं की सीलच्या कंपनीला नावं ठेवण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: ब्रीदर, सील ज्यावर घासतं तो पृष्ठभाग, आणि त्या शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा.

तेल काढलं ते जेमतेम ८०० मिली. या अ‍ॅक्सलमध्ये दीड लिटरच्या आसपास हवं. घाटातल्या गाडीत हे जास्त महाग पडतं. चढावर अ‍ॅक्सलचं नाक वर होतं आणि तेल मागे, क्राउनकडे जातं. पुढचं पिनियन बेअरिंग तसंही क्राउनने फेकलेल्या तेलावर जगतं. पातळी खाली गेली की पूर्ण भाराच्या चढावर नेमकं तेच उपाशी राहतं. तेलातला लोखंडी चुरा पकडणाऱ्या चुंबकावर राखाडी लेप असणं स्वाभाविक आहे, पण इथे नखाने उचलता येतील असे चमकते कपचे होते.

टक्

क्लच सोडताना येणारा आवाज वेगळ्या जागेचा निघाला. पुढच्या चाकांना दगड लावून, न्यूट्रलमध्ये, प्रोपेलर हाताने दोन्ही बाजूंना पिळला. मागच्या क्रॉसच्या (प्रोपेलरच्या टोकाच्या सांध्याच्या) एका कपाभोवती तांबूस भुकटी होती. सुया कोरड्या पडून गंजल्याची ती खूण. ग्रीस गन लावल्यावर तीन कपांतून जुनं ग्रीस बाहेर आलं, चौथ्यातून आलंच नाही. चारही कपांतून ग्रीस येईपर्यंत काम झालं असं समजू नये.

क्रॉस बदलताना फ्लँजवर आधी पंचाने खुणा केल्या, म्हणजे प्रोपेलर जसाच्या तसा बसेल. सरकत्या स्प्लाइनच्या (खाचांच्या जोडाच्या) दोन्ही बाजूंचे योक (क्रॉस धरणारे काटे) एकाच रेषेत यायला हवेत. एक दात चुकला तरी थरथर सुरू होते आणि मग लोक बॅलन्सिंगवर पैसे घालवतात. पाट्यांचे यू-बोल्ट आणि इंजिन माउंटिंगही याच वेळी तपासले, कारण त्यांचाही असाच टक् येतो. दोन्ही ठीक होती.

अ‍ॅक्सल खोलल्यावर

प्रोपेलर आणि दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट काढून ठेवल्यावर, नट सोडण्याआधी इंच-पाउंडाच्या टॉर्क रेंचने पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजलं. हे मोजमाप बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, आणि एअर गनची करामत फक्त त्यातूनच कळते. क्राउनसकट आणि नव्या सीलसकट वापरलेल्या बेअरिंगला साधारण १ ते २ न्यूटन-मीटर पुरे. इथे चारच्या वर लागत होतं, तेही खडबडीत, अडखळत.

या अ‍ॅक्सलमध्ये दोन पिनियन बेअरिंगांच्या मध्ये दबणारी नळी असते, जिला मेस्त्री क्रश स्लीव्ह म्हणतात. नट ओढला की ती चेपते आणि प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा आधीपासूनचा दाब, ठरतो. एकदा जास्त चेपली की नट मागे घेऊन ती परत लांब होत नाही. नवीच घालावी लागते. नुसतं सील बदलायचं असेल तर आधी फिरण्याचा जोर मोजायचा, नट-फ्लँज-शाफ्ट यांवर एकच रेघ मारायची, आणि बसवताना हाताच्या पान्याने त्या रेघेपर्यंत येऊन पुन्हा जोर मोजायचा. एअर गन इथे नको म्हणजे नकोच.

पुढच्या बेअरिंगचे रोलर निळसर पडले होते, बाहेरच्या कपावर खवले निघालेले. आतलं बेअरिंग त्यामानाने बरं, तरी दोन्ही कप-कोन बदलले. पिनियनच्या डोक्याकडची शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) तीच ठेवली, पण जुन्या-नव्या बेअरिंगची जाडी मायक्रोमीटरने ताडून. फरक असेल तेवढी शिम बदलावी लागते, नाहीतर दात्यांचा स्पर्श सरकतो. कॅरिअरच्या (क्राउन धरणाऱ्या भागाच्या) बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करून ठेवली. त्या अदलाबदल करायच्या नसतात.

फ्लँजवर सीलच्या जागी नख अडकेल अशी खाच पडली होती, म्हणून फ्लँजही नवी. प्रीलोड नुसत्या पिनियनवर, क्राउन न बसवता, नव्या बेअरिंगला २.३ न्यूटन-मीटर ठेवला. नट थोडा थोडा ओढायचा, दर वेळी पिनियन अनेकदा फिरवायचा आणि मोजायचं. स्लीव्ह चेपायला सुरुवातीला प्रचंड जोर लागतो, आणि एकदा चेपायला लागली की नटाच्या अगदी थोड्या फिरण्यात मोजमाप झपाट्याने चढतं. शेवटचा टप्पा सावकाशच. क्राउनचा बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) डायल गेजवर ०.१६ मिलिमीटर आला; ०.१३ ते ०.२० मध्ये असला की बहुतेक अशा अ‍ॅक्सलना चालतं. तरी गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलचा आकडा अंतिम.

डाव्या चाकाचं सील आणि बेअरिंग नवं, लॉकिंग कॉलरही (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) नवी. छिन्नीने फोडून काढलेली कॉलर परत वापरता येत नाही, आणि ठोकून काढलेलं बेअरिंगही. तेलात भिजलेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन, जाळून वापरायची पद्धत अजून दिसते. ती जीवावर बेतणारी आहे: लायनिंगमध्ये मुरलेलं तेल पहिल्या लांब उतारावर तापून वर येतं. दोन्ही बाजूंचे शू बदलले, एका बाजूचे बदलून मागचा ब्रेक सारखा लागत नाही.

ब्रीदरची टोपी काढून तिथे होज बसणारा निपल आणि ८ मिलिमीटरचा रबरी होज, चॅसीवरून वर नेऊन डिझेल भरायच्या नळीच्या उंचीपर्यंत. टोकाला छोटा फिल्टर. पाटे पूर्ण खाली लटकले तरी ताण येणार नाही इतकी ढील, आणि मध्ये पाणी साचेल असा झोळ नाही. मग त्याच होजमधून सायकलच्या पंपाने २-३ पीएसआय हवा भरून सगळ्या सीलांवर साबणाचं पाणी. कॉम्प्रेसर थेट लावला तर नवीच सीलं बाहेर येतील.

तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. हेच तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नये. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या पुष्कळ गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं; मॅन्युअल बघूनच भरावं.

नंतरची तपासणी

पहिले पंचवीस किलोमीटर सावकाश, मग पूर्ण थंड. दुसऱ्या फेरीत तोच घाट चढल्यावर पिनियनचं नाक ७१ अंश, पोट ६६. पुठ्ठा दोन रात्री कोरडा. टक् गेला. ब्रेकला मागून ओढणं गेलं. हजार किलोमीटरला तेल पुन्हा बदललं, चुंबकावर फक्त बारीक लेप.

एक गोष्ट राहिली. ५५ ते ६० च्या दरम्यान ॲक्सिलरेटर सोडला की बारीक सूर अजून येतो. जोड जुळवताना दात्यांना लेप लावून बघितलं तेव्हा ओढण्याच्या बाजूचा ठसा मधोमध होता, सोडण्याच्या बाजूचा टोकाकडे सरकलेला. कोरड्या बेअरिंगवर पिनियन हलत राहिला त्या महिन्यांत ती बाजू झिजली, आणि झिजलेली बाजू कुठल्याही शिमने परत येत नाही. कपचे नाहीत, तापमान ठीक आहे, भाराखाली आवाज नाही, म्हणून जोड बदललेला नाही. दर दहा हजार किलोमीटरला तेलाची पातळी आणि चुंबक बघायचा. सूर ओढतानाही यायला लागला किंवा चुंबकावर पुन्हा कपचे दिसले, तर मात्र नवा जोड, क्राउन आणि पिनियन एकाच संचातले.